संस्थेचे नाव आणि संस्थेचे टपाल

बीड जिल्ह्यातील एखाद्या शिक्षणसंस्थेचे, पतसंस्थेचे किंवा शेतकरी उत्पादक कंपनीचे लेटरहेड हाती घेऊन पाहिले, तर त्यावर संस्थेचे नाव ठळक अक्षरांत असते, नावाखाली नोंदणीचा क्रमांक व साल असते, एका अंगाला अध्यक्षांचे व दुसऱ्या अंगाला सचिवांचे नाव असते, आणि मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड असा पत्ता रीतसर दिलेला असतो. परंतु त्याच कागदावर मेल आयडी म्हणून जे छापलेले असते ते बहुतेक वेळा एखाद्या मोफत सेवेवरचे, आणि खाते उघडण्याच्या दिवशी जे कोणी सचिव अथवा संगणक हाताळणारे लिपिक होते त्यांच्या नावाचे असते. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमान्वये किंवा १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये नोंदलेली संस्था ही व्यक्तीहून निराळी आणि व्यक्तीहून दीर्घायुषी असते. म्हणूनच तिचा शिक्का कार्यालयाच्या कपाटात राहतो, तिची इतिवृत्ते वहीत बांधली जातात आणि तिचे बँकखाते दोघांच्या सहीने चालते. पत्रव्यवहार तेवढा एका व्यक्तीच्या खाजगी खात्यात साठत जातो. ती व्यक्ती निवृत्त झाली, बदलून गेली, कार्यकारिणीशी तिचे पटेनासे झाले किंवा नुसता तिचा मोबाइल हरवला, की शिष्यवृत्तीची त्रुटिपत्रे, लेखापरीक्षकांनी मागविलेले खुलासे आणि धर्मादाय कार्यालयाच्या सूचना यांपैकी काय आले, काय गेले आणि कशाची मुदत टळली, हे खात्रीने सांगणारे कार्यालयात कोणी उरत नाही.

या अव्यवस्थेवरचा उपाय जिल्ह्यातील लहानातल्या लहान संस्थेच्याही आवाक्यातला आहे. संस्थेने स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे, त्या डोमेनवर मेलची खाती उघडावीत, आणि ती खाती कार्यालयातील संगणकावर, मेलसाठीच केलेल्या प्रोग्रॅममध्ये जोडून तेथे संस्थेचे टपाल रीतसर दप्तरी लावावे. पहिल्या दोन गोष्टी कोणीही होस्टिंगवाला अर्ध्या दिवसात करून देतो. तिसरी गोष्ट मात्र लिपिकाच्या हातून व्हावी लागते, आणि तेथेच बहुतेकांचे घोडे अडते. म्हणून हा लेख मुख्यतः त्या तिसऱ्या गोष्टीसाठी आहे. तरीही पत्ता म्हणजे काय आणि तो कोणाच्या मालकीचा, हे आधी पाहिल्यावाचून पुढच्या सेटिंगना अर्थ येत नाही.

ज्याला पाकिटावर पत्ता लिहिता येतो त्याला मेलचा पत्ता वाचणे वेगळे शिकावे लागत नाही. आपण प्रथम माणसाचे नाव लिहितो, मग गाव, मग तालुका, जिल्हा आणि राज्य. टपालाची छाननी करणारा कर्मचारी मात्र तोच पत्ता खालून वर वाचतो, कारण टपाल कोणत्या जिल्ह्यास रवाना करावयाचे हे त्यास आधी ठरवावयाचे असते. मेलच्या पत्त्यातही 'ॲट' या चिन्हाच्या अलीकडे खातेदार, पलीकडे संस्थेचे नाव, त्यानंतर 'डॉट ओआरजी' किंवा 'डॉट को' असा वर्ग आणि शेवटी 'डॉट इन' म्हणून देश असतो, आणि संगणक तो शेवटाकडून सुरुवातीकडे उलगडत जातो. हे 'ॲट' चिन्ह पत्त्यात प्रथम योजिले ते अमेरिकेतील रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली. नावांची ही उतरंड आखली ती पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली. त्या दोहोंच्या मध्ये, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, आपल्या देशात पिनकोड सुरू झाला, आणि त्याचे श्रेय दळणवळण मंत्रालयातील मराठी अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्याकडे जाते. बीड शहराच्या ४३११२२ मधला पहिला ४ हा महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा सामायिक आकडा आहे. त्यानंतरचा प्रत्येक आकडा टपालाला मुक्कामाच्या जवळ नेतो. मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाण्याचे हेच तत्त्व डोमेनच्या नावात आहे.

बीडच्या टपालाचा इतिहास या संदर्भात एका वेगळ्या कारणासाठी स्मरणीय आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या रियासतीत होता, आणि त्या रियासतीचे टपाल खाते स्वतःचे, तिकिटे स्वतःची. त्यांच्या एका जुन्या मालिकेवर उर्दू, इंग्रजी आणि तेलुगू यांच्यासह मराठी अक्षरेही होती. रियासत भारतात विलीन झाल्यानंतर, १९५० साली, ते खातेही भारतीय टपाल खात्यात सामील झाले. टपाल वाहणारे बदलले, तिकिटे बदलली, दर बदलले. पण आंबेजोगाईचा माणूस आंबेजोगाईतच होता आणि त्याचा पत्ता त्याचाच होता. स्वतःचे डोमेन घेण्यात जो खरा लाभ आहे तो हाच: टपाल वाहणारी कंपनी आज एक असेल, पाच वर्षांनी दुसरी असेल, पत्ता मात्र संस्थेचा राहतो. मोफत सेवेवरचा पत्ता त्या सेवेचा असतो. ती सेवा सोडली की पत्ताही तेथेच सोडावा लागतो.

हे कसे घडते ते थोडक्यात असे. डोमेनच्या नोंदीत 'एमएक्स' नावाची एक नोंद असते, आणि 'या नावाने येणारे टपाल अमुक सर्व्हरवर उतरवावे' एवढाच तिचा मजकूर असतो. जगातला कोणताही मेल सर्व्हर पत्र पाठविण्यापूर्वी ही नोंद पाहतो आणि सांगितलेल्या ठिकाणी पत्र नेतो. संस्थेने सेवा बदलली की ही नोंद बदलावयाची. पत्रे पाठविणाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची मेल खाती राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या यंत्रणेवरून झोहो या भारतीय कंपनीच्या यंत्रणेवर अलीकडेच हलविली गेली, तेव्हा त्यांच्या पत्त्यातील सरकारी नाव होते तेच कायम राहिले. जे सरकारला साधते ते केज किंवा वडवणी येथील संस्थेलाही त्याच नियमाने साधते, कारण नियम सर्वांना एकच आहे.

आपल्या देशाच्या 'डॉट इन' या नावांचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया ही २००३ मध्ये स्थापन झालेली संस्था पाहते, आणि २००५ पासून ही नावे सर्वसामान्यांस सुलभपणे मिळू लागली. नावाचे महत्त्व किती वाढले आहे हे पाहावयाचे असेल तर नागरी सहकारी बँकेच्या शाखेत जावे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये परिपत्रक काढून सर्व बँकांना, आणि त्यांत सहकारी बँकाही आल्या, ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या राखीव नावाखाली येण्यास फर्माविले. ही नावे फक्त बँकांनाच दिली जातात आणि ती देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या रिझर्व्ह बँकेने स्थापिलेल्या संस्थेकडे आहे. बँकेच्या नावाशी मिळतीजुळती नावे घेऊन खातेदारांस फसविण्याचे प्रकार वाढल्यामुळे हे करावे लागले. ज्या जिल्ह्यात ठेवीदारांच्या आयुष्यभराच्या पुंज्या पतसंस्थांमध्ये अडकल्याची दुःखे घरोघरी ठाऊक आहेत, त्या जिल्ह्यात पत्र कोणाकडून आले हे पत्त्यावरून ओळखता येणे ही क्षुल्लक बाब नव्हे.

आता प्रोग्रॅमचा विचार. मेल पाहावयाचा तो ब्राउझरमध्ये पाहावा, मोबाइलवर पाहावा, त्यासाठी संगणकावर वेगळा प्रोग्रॅम कशाला, अशी शंका पुष्कळ जण घेतात, आणि एकट्या माणसाच्या खाजगी पत्रांपुरती ती बरोबरही आहे. कार्यालयाची गोष्ट निराळी आहे. मेल प्रोग्रॅम पत्रांची प्रत संगणकाच्या डिस्कवर आणून ठेवतो. त्यामुळे लाईन तुटली तरी जुनी पत्रे वाचता येतात, शोधता येतात, उत्तरे लिहून ठेवता येतात, आणि लाईन आली की आउटबॉक्समध्ये थांबलेली पत्रे रवाना होतात. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मराठा आरक्षणाच्या आंदोलनात जाळपोळ होऊन बीडमध्ये संचारबंदी लागली आणि इंटरनेट बंद झाले, तेव्हा ज्यांची सारी पत्रे केवळ ब्राउझरच्या खिडकीतून दिसत होती त्यांना स्वतःचे दप्तर उघडण्याची सोय नव्हती. उन्हाळ्यातला वीजखंड आणि पावसाळ्यात तुटणारी केबल ही तर वर्षाची नित्याची कारणे. शिवाय कार्यालय, प्राचार्य आणि लेखा अशी तीन खाती एकाच खिडकीत शेजारी शेजारी दिसणे, प्रत्येक पत्र वर्षवार व विषयवार फोल्डरमध्ये लावता येणे, आणि त्या साऱ्याची प्रत महिन्याकाठी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेता येणे, या सोयी बारनिशीच्या जुन्या शिस्तीशी अगदी जुळणाऱ्या आहेत.

असे प्रोग्रॅम अनेक आहेत. मी थंडरबर्ड धरून सांगतो, कारण तो विनामूल्य आहे, विंडोज व लिनक्स दोन्हींवर चालतो, आणि ७ डिसेंबर २००४ रोजी त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली तेव्हापासून त्याची मूळ रचना फारशी बदललेली नाही. आउटलुक वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की त्याची नवी आवृत्ती बाहेरचे खाते जोडताना त्या खात्याची पत्रे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरूनही नेते. जुनी आवृत्ती तसे करीत नाही. संस्थेला हे चालणार आहे की नाही, हे संस्थेने जाणूनबुजून ठरवावे.

खाते जोडावयास बसण्यापूर्वी होस्टिंग घेताना आलेले पहिले पत्र शोधून त्याचा प्रिंट काढावा. त्या पत्रात येणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे नाव, जाणाऱ्या मेलच्या सर्व्हरचे नाव आणि पोर्टचे आकडे असतात. पुढे विचारले जाणारे जवळजवळ सर्व काही त्यात असते, आणि तरीही ते पत्र बहुधा कोणी वाचलेले नसते. मग प्रोग्रॅममध्ये नवे खाते जोडण्याची खिडकी उघडली की तीन गोष्टी मागितल्या जातात: नाव, मेलचा पत्ता आणि पासवर्ड. नावाच्या जागी संस्थेचे नाव लिहावे, कारण पत्र मिळणाऱ्यास तेच दिसते. तेथे लिपिकाने स्वतःचे नाव टाकले, तर शिक्षणाधिकारी कार्यालयात पत्र पोहोचते ते एका अनोळखी व्यक्तीकडून आल्यासारखे. पत्ता संपूर्ण लिहावा. पुढे गेल्यावर प्रोग्रॅम स्वतः चौकशीला निघतो: तो आधी संस्थेच्या डोमेनवर तयार सेटिंग ठेवले आहे काय ते पाहतो, नंतर थंडरबर्डच्या स्वतःच्या यादीत ही सेवा आहे काय ते पाहतो, आणि दोन्हीकडे काही न मिळाल्यास नेहमीची नावे एकामागून एक ठोठावून पाहतो. मोठ्या सेवांच्या बाबतीत येथेच काम संपते. लहान होस्टिंगवर घेतलेल्या डोमेनच्या बाबतीत पुष्कळदा संपत नाही, आणि 'सेटिंग सापडले नाही' असा मजकूर येतो.

तो मजकूर पाहून खचून जाऊ नये. हाताने सेटिंग भरण्याचा पर्याय तेथेच खाली असतो. तो उघडला की वरच्या भागात इनकमिंग आणि खालच्या भागात आउटगोइंग असे दोन गट दिसतात. इनकमिंगमध्ये प्रोटोकॉल आयमॅप ठेवावा, होस्टनेमच्या जागी प्रिंटवर दिलेले सर्व्हरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे, पोर्ट ९९३ आणि कनेक्शन सिक्युरिटी एसएसएल-टीएलएस. आउटगोइंगमध्ये एसएमटीपी सर्व्हरचे नाव, पोर्ट ४६५ असेल तर एसएसएल-टीएलएस आणि ५८७ असेल तर स्टार्ट-टीएलएस. या दोन जोड्यांची अदलाबदल झाली की काहीच चालत नाही, आणि दहांपैकी कितीतरी खाती येथेच अडलेली मी पाहिली आहेत. ऑथेंटिकेशन 'नॉर्मल पासवर्ड' असावे. नावावरून ते कच्चे वाटते, पण जोडणी आधीच कुलूपबंद असल्यामुळे पासवर्ड उघड्यावरून जात नाही. युजरनेमच्या चौकटीत प्रोग्रॅम पुष्कळदा पत्त्याचा 'ॲट'पूर्वीचा भागच घालून ठेवतो. होस्टिंगच्या सर्व्हरवर शेकडो संस्थांची 'कार्यालय' नावाची खाती असू शकतात, म्हणून तेथे डोमेनसह संपूर्ण पत्ता लागतो. वर आणि खाली, दोन्ही ठिकाणी. हे दुरुस्त करून पुन्हा तपासणीचे बटण दाबावे, आणि दोन्ही गट मान्य झाल्यावरच खाते जतन करावे.

पोर्ट २५ हा जुना आकडा कोठे कोठे अद्याप लिहिलेला सापडतो. तो सर्व्हरने सर्व्हरला पत्र देण्याचा दरवाजा आहे. स्पॅम रोखण्यासाठी इंटरनेट पुरविणाऱ्या पुष्कळ कंपन्यांनी तो ग्राहकांना बंद केला आहे, म्हणून कार्यालयातील संगणकाने तिकडे जाऊ नये.

दोन अडचणी हमखास येतात. पहिली, सर्टिफिकेटविषयीचा इशारा: संस्थेने होस्टनेम म्हणून स्वतःच्या डोमेनचे नाव लिहिलेले असते, पण सर्व्हरने पुढे केलेले सर्टिफिकेट होस्टिंग कंपनीच्या नावाचे असते, आणि नावे जुळत नाहीत म्हणून प्रोग्रॅम हटकतो. येथे 'तरीही पुढे जा' म्हणून कायमची मुभा देऊ नये. होस्टिंगवाल्यास विचारून सर्टिफिकेटवर असलेले सर्व्हरचे नाव घालावे, म्हणजे इशारा आपोआप जातो. दुसरी, पत्रे येतात पण जात नाहीत. त्या वेळी दिसणाऱ्या मजकुरात तीन अंकी आकडा असतो, तो टिपून घ्यावा: ५३५ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड नामंजूर, ५५० म्हणजे समोरच्या सर्व्हरने पत्र घेण्यास नकार दिला, बहुधा पत्ता चुकल्यामुळे किंवा पाठविणाऱ्याविषयी संशय आल्यामुळे. हा आकडा सांगितला की होस्टिंगवाल्याचा तंत्रज्ञ पाच मिनिटांत मार्ग सांगू शकतो. नुसते 'मेल जात नाही' म्हटल्यास दिवस जातो.

आयमॅप की पॉप, हा प्रश्न येथे वेगळा घ्यावयास हवा, कारण त्यात माझे मत ठाम आहे. पॉप १९८४ सालचा आहे, आणि ज्या काळी टेलिफोनच्या लाईनवरून मिनिटांच्या हिशेबाने इंटरनेट मिळत असे, त्या काळासाठी तो उत्तम होता: लाईन जोडावी, सर्व्हरवरची पत्रे उतरवून घ्यावीत, तेथली पुसावीत आणि लाईन तोडावी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले तेव्हा आपल्याकडेही हीच रीत रूढ झाली. आयमॅप हा स्टॅनफर्ड येथे मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ च्या सुमारास रचला, आणि त्यात पत्रांची मूळ प्रत सर्व्हरवर राहते. कार्यालयातला संगणक, प्राचार्यांचा लॅपटॉप आणि सचिवांचा मोबाइल या तिन्ही ठिकाणी एकच इनबॉक्स दिसतो, आणि एकाने वाचलेले पत्र सर्वत्र वाचलेले दिसते. पॉप लावून, सर्व्हरवर प्रत ठेवण्याची खूण न करता, कार्यालयाच्या एका संगणकावर वर्षानुवर्षांची पत्रे ओढून घ्यावीत आणि एके दिवशी त्या संगणकाची डिस्क जळावी, म्हणजे संस्थेची स्मृतीच नष्ट झाली. म्हणून आयमॅपच घ्यावा. त्यात एक पथ्य आहे: सर्व्हरवरची जागा ठरावीक असते आणि ती भरली की नवी पत्रे परत जाऊ लागतात, यासाठी आर्थिक वर्ष संपताच जुन्या वर्षाची पत्रे थंडरबर्डच्या 'लोकल फोल्डर्स'मध्ये हलवावीत आणि त्यांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या डिस्कवर घेऊन एक प्रत कार्यालयाबाहेर ठेवावी.

आपले पत्र समोरच्याच्या इनबॉक्समध्ये न पडता स्पॅममध्ये जाते, ही तक्रार नव्या डोमेनवाल्यांकडून वरचेवर ऐकू येते. पत्रावर कोणीही कोणाचेही नाव लिहून पाठवू शकतो हा मेलचा जन्मजात दोष आहे, आणि तो झाकण्यासाठी डोमेनच्या नोंदीत तीन जास्तीच्या ओळी घालाव्या लागतात. एसपीएफ सांगते की आमच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार अमुक सर्व्हरना आहे. डीकेआयएम प्रत्येक पत्रावर न दिसणारी मोहोर उठविते. आणि डीमार्क सांगते की या कसोट्यांना न उतरणाऱ्या पत्राचे काय करावे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठविणाऱ्यांस या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या, आणि थोडी पत्रे पाठविणाऱ्यांकडूनही पहिल्या दोहोंपैकी एकीची अपेक्षा ठेवली. होस्टिंगवाल्याकडून या नोंदी पहिल्याच दिवशी करवून घ्याव्यात. त्याचे वेगळे शुल्क नसते.

मराठीत लिहिणाऱ्या कार्यालयांना आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मेलची मूळ घडण सात बिटांच्या, म्हणजे एकूण १२८ चिन्हांच्या, इंग्रजी लिपीसंचावर झाली. इतर लिप्यांना रीतसर वाट मिळाली ती १९९२ मध्ये माइम हे प्रमाण आल्यावर. मधल्या काळात आपल्या कार्यालयांत श्रीलिपीसारख्या फॉण्टांवर मजकूर जुळविण्याची प्रथा पडली, आणि छपाईसाठी ती निर्दोष होती. परंतु तो मजकूर मेलमध्ये चिकटविला की ज्याच्या संगणकावर तो फॉण्ट नाही त्यास इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ दिसतो. म्हणून मेलचा विषय आणि मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या फॉण्टातले पत्र पाठविणे भागच असेल तर त्याची पीडीएफ करून जोडावी. पत्ताही देवनागरीत असू शकतो: त्याची प्रमाणे २०१२ मध्ये ठरली, २७ ऑगस्ट २०१४ रोजी 'डॉट भारत' हे देवनागरी नाव मराठीसह अनेक भाषांसाठी खुले झाले, आणि २०१६ मध्ये जयपूरच्या एका कंपनीने भारतीय लिप्यांतील मेल पत्ते देण्यास आरंभही केला. संस्थेने देवनागरी नाव घेऊन ठेवावे, ते आपले आहे. पण कित्येक सर्व्हर व सरकारी पोर्टले असा पत्ता अद्याप स्वीकारीत नाहीत, म्हणून रोमन पत्ता मुख्य ठेवणे सध्या अपरिहार्य आहे.

जोडपत्रांबाबत एक हिशेब लक्षात असावा. फाइल मेलमध्ये जाताना अक्षरांत रूपांतरित होते आणि सुमारे एकतृतीयांशाने फुगते. २० एमबीचे स्कॅन प्रवासात २७ एमबीच्या घरात जाते आणि २५ एमबीची मर्यादा असलेल्या खात्यावरून परत येते. फेरफाराचे उतारे आणि हजेरीपट रंगीत स्कॅन करण्याचे काही कारण नसते.

एवढा खटाटोप करण्यामागे कायद्याचेही एक बलवत्तर कारण आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम १३ प्रमाणे, पत्र घेणाऱ्याने त्यासाठी विशिष्ट संगणकीय ठिकाण नेमून दिले असेल, तर पत्र त्या ठिकाणी प्रविष्ट झाले त्या क्षणी ते मिळाले असे मानले जाते. कोणी ते उघडले की नाही याला महत्त्व नाही. लेटरहेडवर पत्ता छापणे म्हणजे असे ठिकाण नेमून दिल्यासारखेच आहे. मग त्या पत्त्यावर आलेली नोटीस माजी सचिवांच्या खाजगी खात्यात न वाचलेली पडून राहिली, तरी मुदत त्या दिवसापासूनच मोजली जाण्याचा संभव राहतो. उलट बाजूने, आपण पाठविलेले पत्र न्यायालयात दाखवावयाचे झाल्यास १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि ज्या संगणकावर ते नित्यक्रमाने जतन होत आले त्याचा ताबा ज्याच्याकडे आहे त्यालाच ते निःशंकपणे देता येते. कार्यालयाच्या संगणकावरील मेल प्रोग्रॅममध्ये, मूळ शीर्षनोंदींसह ठेवलेले पत्र या कामी मोबाइलवरच्या स्क्रीनशॉटपेक्षा कितीतरी भक्कम ठरते.

राहिली ती ताब्याची बाब, आणि माझ्या दृष्टीने साऱ्या विषयात हीच मर्माची आहे. डोमेन विकत मिळत नाही, ते मुदतीने मिळते. एका वर्षासाठी किंवा काही वर्षांसाठी, आणि मुदत संपून सवलतीचे दिवसही टळले की ते नाव कोणीही घेऊ शकतो. नूतनीकरणाची स्मरणपत्रे ज्या मेलवर जातात तो पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नये, कारण डोमेन बंद पडले की ते स्मरणपत्रही पोहोचत नाही. डोमेनचा नोंदणीकृत धारक म्हणून संस्थेचेच नाव हवे, वेबसाइट करून देणाऱ्या तरुणाचे नको, सचिवांचेही नको. खात्यांचे पासवर्ड एका लखोट्यात मोहोरबंद करून शिक्क्याच्या शेजारी ठेवावेत, पदभार देता-घेतानाच्या यादीत त्याची नोंद करावी, आणि पदाधिकारी बदलताच पासवर्ड बदलावेत. खात्यांची नावे पदांवरून असावीत, व्यक्तींवरून नसावीत, म्हणजे लेटरहेड पुन्हा छापावे लागत नाही.

जिल्ह्यातील सर्व संस्थांच्या सचिवांना व मुख्य लिपिकांना माझी विनंती आहे की त्यांनी डोमेनच्या शेवटच्या नूतनीकरणाची पावती काढून तीवर धारक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे. ते संस्थेचे नसेल, तर पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेऊन, ठराव करून, नाव बदलून घ्यावे, आणि संस्थेपाशी अद्याप डोमेनच नसेल तर ते घेण्याचा ठराव त्याच सभेत करावा.